पास्कल दुशिंगचा उजवा हात

पास्कल दुशिंगच्या दोन हातांना मिळून दहा बोटं आहेत. यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. भोसरीच्या एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये तुम्ही कधी उभे राहिला नाहीत, म्हणून म्हणाल. पत्रा कापणारी, वाकवणारी, त्याला भोकं पाडणारी ती प्रेस अधूनमधून माणसाचं एखादं पेर मागून घेते, आणि तिच्याशी सत्तावीस वर्षं संसार करून दहाच्या दहा बोटांनिशी जेवणारा माणूस तिथे फार मानाचा असतो. नवीन आलेली पोरं पास्कलचे हात बघायला येत. हा काही फुशारक्या मारणारा गडी नव्हे, पण हात मागितले की दाखवायचा.

पास्कल सेटर आहे. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, नीट बसलीय का बघायचं, मशीन तपासायची, तपासणीच्या तक्त्यावर सही करायची आणि ऑपरेटरला म्हणायचं, चालव बाबा. आणि या सगळ्याच्या आधी तो मशीनपुढे उभा राहून क्रुसाची खूण करायचा. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. सकाळी सातला पाच मिनिटं कमी असताना, ग्रीसच्या हातानं, सत्तावीस वर्षं. त्याच्या प्रत्येक शर्टावर छातीशी एक आणि खांद्यांवर दोन असे काळे डाग कायमचे बसलेले. शालनबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, पहिली पाच वर्षं ते घासले आणि मग साबणाचा नाद सोडला.

माणूस मूळचा श्रीरामपूरकडचा, तीन पिढ्यांचं कॅथलिक घर. ईस्टरला जन्मला म्हणून फादरांनी नाव ठेवलं पास्कल. घरात फ्रिजवर हरेगावच्या यात्रेतून आणलेली मरियामाउलीची मूर्ती, खिळ्याला जपमाळ, बाटलीत पवित्र पाणी, स्कूटरच्या किल्लीला संताचं पदक. कशाची म्हणून कमी नव्हती.

शॉपमध्ये बाकी सगळे हिंदू. कोणी लातूरचं, कोणी जालन्याचं. पण पास्कलच्या खुणेवर त्यांचा केवढा विश्वास! चार नंबरच्या प्रेसवर भैरू म्हणून ऑपरेटर आहे, औशाकडचा, अकरा वर्षं याच मशीनवर. पास्कलचा हात कपाळाकडे निघाला की भैरू डोक्यावरची टोपी काढून शेजारी उभा राहायचा, आणि हात उजव्या खांद्यावरून खाली आला की टोपी घालायचा. खंडेनवमीला मशीनला झेंडूचा हार भैरू घालणार आणि वर्षातले बाकीचे दिवस पास्कल बघणार, अशी त्यांची न बोलता झालेली वाटणी होती. भैरूचीही दहा बोटं शाबूत होती. ती पास्कलभाऊमुळं, असं तो गावाकडे फोनवर सांगायचा.

मग दोन वर्षांपूर्वी पास्कलला पास्टर सलिल भेटले.

हे पास्टर पूर्वी टूलरूममध्ये ड्राफ्ट्समन होते, ड्रॉइंग काढायचे. आता टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर रविवारी त्यांची प्रोटेस्टंट फेलोशिप भरते. चहाच्या टपरीवर ओळख झाली, बोलणं देवाधर्मावर आलं, आणि पास्टरनी पास्कलला अगदी साधा प्रश्न विचारला. ड्रॉइंगमध्ये नसलेलं भोक तुम्ही पत्र्याला पाडता का? पास्कल म्हणाला, छे, नोकरी जाईल. पास्टर म्हणाले, मग शास्त्रात नाही ते इतकी वर्षं कसं काय पाडताय?

दुसरा कोणी असता तर हसून चहा प्यायला असता. पण पास्कलच्या पोटात तो प्रश्न गेला आणि तिथेच बसला. ज्या माणसानं आयुष्यभर ड्रॉइंगबाहेर एक भोक पाडलं नाही, त्याला असं विचारायचं नसतं. त्यानं पवित्र शास्त्र घेतलं, शिसपेन्सिल घेतली, आणि पहिल्या पानापासून तपासायला बसला. चार महिने लागले. जपमाळ शोधली, सापडली नाही. शुक्रवारी मटण वर्ज्य, सापडलं नाही. स्कूटरच्या किल्लीचं पदक तर सापडायचा प्रश्नच नव्हता. शेजाऱ्यावर प्रेम करा हे मात्र तीनतीनदा सापडलं, आणि वरच्या मजल्यावरचा शेजारी गॅलरी धुवून पाणी खाली सोडायचा, त्यामुळे पास्कलची फार पंचाईत झाली. पण जे लिहिलंय ते पाळायचं आणि जे नाही ते सोडायचं, असं त्यानं एकदा ठरवलं आणि शालनबाईंना सांगून टाकलं.

शालनबाई भाकरी थापत होत्या. हातातली भाकरी त्यांनी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, की तुम्हाला टायरवाल्याच्या वर जायचंय तर खुशाल जा, मी अडवणार नाही, पण फ्रिजवर जे आहे ते फ्रिजवरच राहील. पास्कलनं लगेच मान्य केलं. शालनबाईंशी सत्तावीस नाही, एकोणतीस वर्षांचा संसार होता, आणि तिथेही त्याला बोटं शाबूत ठेवायची होती.

आता सोडायचं म्हणजे काय सोपं असतं होय? ईस्टरआधीच्या उपवासकाळातला पहिला शुक्रवार आला तसं यानं मुद्दाम अर्धा किलो मटण आणलं. शालनबाईंनी पातेल्याला हात लावला नाही. यानं स्वतः शिजवलं, ताटात वाढून घेतलं, दोन घास खाल्ले, आणि तिसरा काही केल्या गिळेना. शेवटी बायकोच्या ताटातलं पिठलं ओढून घेतलं. धर्माचा काही संबंध नाही, म्हणाला, मीठ जास्त झालं. मटण दुसऱ्या दिवशी त्यानं डब्यात नेलं आणि शॉपमध्ये सगळ्यांनी मिळून चाटूनपुसून खाल्लं. मिठाची तक्रार एकानंही केली नाही.

फेलोशिपमध्ये दुसरंच संकट. तिथे पाठ केलेल्या प्रार्थना चालत नाहीत, ज्यानं त्यानं आपल्या शब्दांत बोलायचं. बाया-माणसं डोळे मिटून अशी धो धो बोलत, की पास्कल तोंडात बोट घालून ऐकत बसायचा. तिसऱ्या रविवारी त्याच्यावर पाळी आली. तो उठला, घसा साफ केला आणि म्हणाला, प्रभू, आजची हजेरी चांगली आहे, पंखे दोन चालू, एक बंद, गाण्याच्या वह्या कमी पडतात, बाकी सर्व ठीक, आमेन. शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला सांगतात तस्संच. पास्टरनी मात्र कौतुक केलं. पुढच्या रविवारी तिसरा पंखा फिरत होता.

हे सगळं जमत गेलं. जमेना तो उजवा हात. क्रुसाची खूणही शास्त्रात नव्हती, पास्टर म्हणायचे हात आवरा, पण तो आवरेना. बसमधून चर्च दिसलं की निघाला कपाळाकडे. ॲम्ब्युलन्स गेली की निघाला. हात जरा वर आला की पास्कल त्याला डोकं खाजवायला लावायचा, आणि दिवसातून इतक्यांदा खाजवायचा, की शालनबाईंनी एकदा कंगवा घेऊन त्याचं डोकं उजेडात धरलं. पण खरी अडचण सकाळी सातला पाच कमी असताना, चार नंबरच्या प्रेसपुढे. तिथे तर हात त्याचं ऐकायचाच नाही. शेवटी त्यानं तोड काढली. मशीनपुढे येतानाच डाव्या हातात तक्ता आणि उजव्या हातात उघडलेलं पेन धरून यायचं, आणि हात वर जायच्या आत त्याला सहीला लावायचं. ही युक्ती बरोबर लागू पडली. आला की सही, आला की सही. चार दिवसांत हात गप्प झाला, आणि पास्कलला इतका आनंद झाला की त्यानं रविवारी हॉलमध्ये उभं राहून तशी साक्षही दिली.

इकडे भैरूची टोपी हातातच राहिली. पहिल्या दिवशी तो हळूच म्हणाला, भाऊ, आज तुमचं ऱ्हायलं की. पास्कलनं त्याला ड्रॉइंगचं, भोकाचं सगळं समजावून सांगितलं. भैरूनं मान डोलावली, त्याला काही पटलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं ती खूण स्वतःच करायला सुरुवात केली. तीही डाव्या हातानं, आधी पोट, मग उजवा खांदा, मग कपाळ, आणि शेवटी सवयीनं मशीनला नमस्कार. ते बघून पास्कलचा जीव कासावीस व्हायचा. एका बाजूला हे काहीच नाही असं त्याचं ठाम मत, आणि दुसऱ्या बाजूला ते चुकीचं केलेलं बघवेना. तीन दिवस दात आवळून काढले. चौथ्या दिवशी तोंडातून गेलंच, की अरे आधी कपाळ, मग छाती, मग डावा खांदा, आणि उजवा हात वापर की लेका! भैरूनं मुकाट्यानं सुधारणा केली. आठवड्याभरात अख्खी लाइन सात वाजता आपापल्या मशीनपुढे क्रूस करायला लागली. सुपरवायझर मुकुंद साहेबांनी राउंडला येऊन विचारलं, की ही नवीन कवायत कोणी सुरू केली? सगळ्यांनी पास्कलकडे बोट दाखवलं, आणि तेवढा एकटाच हात खाली ठेवून उभा होता.

इथवर हसायचं होतं ते हसून घ्या.

कारण पुढे एक गुरुवार आला. चार नंबरच्या प्रेसला दोन बटणं आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये चांगलं हातभर अंतर. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा दट्ट्या खाली येतो. हेतू असा, की दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे डायखाली नसतात. पण तिसऱ्या, म्हणजे रात्रीच्या शिफ्टला टार्गेट गाठायची घाई असते. मग कोणीतरी डाव्या बटणात पुठ्ठ्याची घडी कोंबून वरून टेप मारतो. म्हणजे एक बटण कायम दाबलेलं, काम दुप्पट वेगानं. शिफ्ट संपली की पुठ्ठा काढायचा. त्या गुरुवारी काढायचा राहिला.

सातला चार कमी असताना पास्कल आला, सही केली, चालव बाबा म्हणाला आणि पाच नंबरकडे वळला. भैरूनं नीट, उजव्या हातानं क्रूस केला, टोपी घातली, पत्रा ठेवला. पत्रा जरा तिरका बसला. तो सरळ करायला डावा हात आत, आणि उजवा हात आपला नेहमीसारखा बटणावर टेकलेला. एका बटणानं काही होत नाही, हे अकरा वर्षं अंगवळणी पडलेलं. दट्ट्या खाली आला.

भैरूला स्टोअरमधून एक माप मोठे हातमोजे मिळाले होते. तेवढ्यानं वाचला. मोज्याची दोन रिकामी टोकं डायमध्ये चपटी होऊन पडली, आणि बोटं अर्ध्या इंचावर, जागच्या जागी. भैरू खाली बसला. पास्कल धावत आला आणि त्याचा हात धरून बोटं मोजायला लागला. पाच भरली तरी पुन्हा मोजली. मग इतरांनी मोजली, मग मुकुंद साहेबांनी मोजली. भैरू कोणालाच हात परत मागत नव्हता. 

दुपारपर्यंत निकाल लागला. मुकुंद साहेबांनी तिसऱ्या शिफ्टच्या माणसाला मेमो दिला. शॉपचा निकाल वेगळा होता. पास्कलभाऊनं खूण सोडली म्हणून देव रागावला, आणि आपण केलेली त्याला पोचली नाही. जेवणाच्या सुट्टीत भैरू स्वतः येऊन हात जोडून म्हणाला, की भाऊ, धर्म कोणता बी करा, पण सकाळचं तेवढं परत चालू करा. मुकुंद साहेबांनी तर केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की दुशिंग, श्रद्धा हा तुमचा खाजगी प्रश्न आहे, पण माणसं मशीनला हात लावायला तयार नाहीत, तेव्हा उद्यापासून करा, हवं तर मी लेखी देतो. पास्कलवर कोणाचा राग नव्हता. सगळे समजुतीनं घेत होते.

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर पास्कल एकटा चार नंबरपुढे उभा राहिला. आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्यानं हात उचलला, नुसता, काय होतं ते बघायला. कपाळाला लागला तशी नजर वर गेली, दट्ट्यावर. छातीला लागला तशी खाली, डायवर. डावा खांदा, आणि डोळे डाव्या बटणावर. उजवा खांदा, उजवं बटण. सत्तावीस वर्षं हाताच्या मागे मागे डोळे फिरत होते आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. हात थांबवला तेव्हा डोळेही थांबले. त्यानं तक्ता काढून बघितला. सहा छप्पन्न, दोन्ही बटणं तपासली, ओके, पी. दुशिंग. सही सुरेख आली होती. पास्कलला तिथेच रडू फुटलं.

घरी येऊन त्यानं शालनबाईंना सगळं सांगितलं. त्या काही ‘तरी मी म्हणत होते’ वगैरे म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की तुमचा हात थांबला त्या दिवसापासून सातला पाच कमी असताना मी खूण दोनदा करते, एकदा माझी, एकदा तुमची. पास्कलला हे शास्त्रात कुठे आहे ते विचारावंसं वाटलं नाही. मग त्यांनी मार्ग सुचवला. शनिवारी फादरांकडे जा, कन्फेशन करा, पाप कबूल करून मोकळे व्हा, सोडून गेलात म्हणून ते काही हाकलायचे नाहीत. आणि सोमवारपासून खूण करा सुरू. लोकही खूश, तुम्हीही मोकळे.

पास्कलला मोह झाला, खोटं कशाला बोला. जाळीपलीकडे फादरांचा कान, खालच्या आवाजात दोन वाक्यं, प्रायश्चित्त म्हणून तीन वेळा नमो मरिया, आणि बाहेर येऊन गरम वडापाव. खूण सुरू केली की सहीबद्दल तर कोणी विचारणारच नव्हतं, सगळं देवाच्या रागावर खपून जाणार होतं. पण तेच तर त्याला गिळवेना. त्यानं पास्टरना फोन लावून सगळं सांगितलं.  पास्टर म्हणाले, “दुशिंग, हात आवरा असं मी सांगितलं, डोळ्यांचं सांगायला मीही विसरलो. देवाला सांगा. आणि ज्याची बोटं, त्यालाही सांगा. आपल्याकडे मध्ये जाळी नाही.”

या माणसाला नवीन धर्म घेऊन दोन वर्षं होत आली होती, पण तो खरा महाग पडला तो आता. भैरूला सांगायचं म्हणजे सत्तावीस वर्षांचा मान घालवायचा. भैरू साहेबांना बोलला तर नोकरीही. शुक्रवार गेला, शनिवार गेला. शालनबाई फादरांची वेळ विचारून आल्या होत्या, ती टळून गेली. रविवारी फेलोशिप सुटल्यावर पास्कल स्कूटर काढून भैरूच्या खोलीवर गेला.

भैरू मोरीत बसून कामाची डांगरी धूत होता. भाऊ घरी आले म्हणून त्याची धांदल उडाली. ओल्या हातानं त्यानं खुर्ची पुसली, ती जास्तच ओली झाली. पास्कल बसलाच नाही. दारातच उभा राहून त्यानं सगळं सांगितलं. देवाबिवाचा राग नाही. पुठ्ठा तिसऱ्या शिफ्टचा, पण तो बघणं माझं काम होतं. मी बघितलं नाही. न बघता सही केली, आणि त्याच दिवशी नाही, तीन आठवडे रोज केली. तुझी बोटं गेली असती तर ती माझ्यामुळं गेली असती. तुला साहेबांना सांगायचं असेल तर सांग, मी सोबत येतो.

भैरू उकिडवा बसून ऐकत होता. डांगरी पिळायची राहिली, पाणी गळत राहिलं. त्याच्या डोक्यात काहीतरी उलटंपालटं होत असावं, कारण तो एकदा पास्कलच्या उजव्या हाताकडे बघायचा आणि एकदा तोंडाकडे.

“म्हंजी अकरा वर्सं तुमीच बगत होताव?” शेवटी तो म्हणाला. “माज्यासाटी?”

“हाताच्या मागे डोळे जायचे,” पास्कल म्हणाला. “मलाही ते गुरुवारीच कळलं.” 

भैरू उठला. ओले हात त्यानं लुंगीला पुसले, पास्कलसमोर दोन्ही पंजे उघडून धरले आणि काहीशा रागानंच म्हणाला, “मग उद्यापास्नं बगा की, भाऊ. हात कुटं बी ठिवा.”

आणि तो चहा टाकायला आत गेला.